‘गन’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेतील काही शब्द इतके लहान आणि इतके परिचित असतात की, त्यांना अर्थ विचारावा असे कोणाला वाटतच नाही. ‘गन’ हा असा एक शब्द आहे. शाळकरी मुलालाही तो ठाऊक असतो. परंतु इंग्रजी मजकूर भारतीय भाषेत आणावयास बसलेल्या मनुष्याची लेखणी या तीन अक्षरी इंग्रजी शब्दापाशी हमखास अडखळते. मराठीत त्यासाठी तोफ लिहावे, बंदूक लिहावे की पिस्तूल? तिन्ही शब्द कोशात सापडतात, तिन्ही बरोबर आहेत. आणि चुकीच्या जागी पडला तर तिन्हींपैकी कोणताही शब्द इतिहासाचा विपर्यास करू शकतो.

आपल्याच इतिहासातील दोन प्रसंग पाहिले म्हणजे ही अडचण केवळ कोशकाराची नाही हे ध्यानात येईल. १८५७ च्या जून महिन्यात पेशावर येथे ४० हिंदी शिपायांना देहान्ताची शिक्षा झाली. इंग्रजी साधने सांगतात की, त्यांना ‘गन’च्या तोंडून उडविण्यात आले. येथे ‘गन’ म्हणजे तोफ. मनुष्याला तोफेच्या मुखाशी बांधून बत्ती द्यावयाची, अशी ती रीत होती. ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा मराठी वाक्प्रचार तिचीच आठवण वागवितो. या ठिकाणी कोणी ‘बंदूक’ असे लिहिले तर एका विलक्षण क्रूर शिक्षेचे रूपांतर साध्या गोळीबारात होऊन जाईल.

दुसरा प्रसंग १३ एप्रिल १९१९ चा, अमृतसरच्या जालियनवाला बागेतील. जनरल डायरने आपल्याबरोबर दोन चिलखती मोटारी आणल्या होत्या आणि त्यांवर मशीनगन होत्या. बागेत जाणारी वाट अरुंद असल्यामुळे त्या मोटारी बाहेरच राहिल्या. आत गोळ्या झाडल्या त्या ५० शिपायांनी, आपल्या हातांतील रायफलींनी. सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मृत्युमुखी पडली. काँग्रेसच्या चौकशी समितीच्या मते ही संख्या सुमारे एक हजार होती. पुढे हंटर समितीसमोर साक्ष देताना, मोटारी आत नेता आल्या असत्या तर मशीनगनही बहुधा वापरल्या असत्या, असे डायरने कबूल केले. त्या दिवशी वापरलेले शस्त्र आणि वापरता न आलेले शस्त्र यांतील हा फरक त्या साक्षीचा गाभा आहे. दोहोंसाठी सरसकट ‘बंदुका’ हा शब्द योजला तर तो गाभाच हरवतो. म्हणून या छोट्या शब्दाची थोडी विचारपूस करणे अगत्याचे ठरते.

एक शब्द, अनेक अर्थ

इंग्रजी बोलणाऱ्या सैन्यांत ‘गन’ या शब्दाचा वापर मोठ्या काटेकोरपणे होतो. तेथे ‘गन’ म्हणजे तोफखान्याची तोफ, आणि ती चालविणारा ‘गनर’ म्हणजे गोलंदाज. पायदळातील शिपायाच्या खांद्यावर असते ती रायफल; तिला ‘गन’ म्हणणाऱ्या नव्या रंगरुटाला आपल्या उस्तादाची बोलणी खावी लागतात. तोफखान्याच्या अंतर्गत परिभाषेत तर हा शब्द आणखी संकुचित होतो. लांब नळीची, गोळा वेगाने व बऱ्याच अंशी सरळ रेषेत फेकणारी तोफ तेवढी ‘गन’. गोळा उंच कमानीने फेकून टेकडीपलीकडे पाडणारी ती ‘हॉवित्झर’. आणि आखूड नळीची, त्याहूनही उंच मारा करणारी ती ‘मॉर्टर’, म्हणजे आपली उखळी तोफ. भारताने १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीकडून ४१० हॉवित्झर घेण्याचा करार केला. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना ‘गन’ म्हटले आणि मराठी वृत्तपत्रांनी तोफा. शास्त्रीय काटेकोरपणा मराठी शब्दानेही पाळला नाही; परंतु मराठी वाचकाचा घोटाळा मात्र झाला नाही.

सामान्य व्यवहारात याच्या उलट स्थिती आहे. अमेरिकेतील नागरिक ‘गन’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात पिस्तूल असते. इंग्लंडच्या ग्रामीण भागात त्याच शब्दाने छऱ्यांची शिकारी बंदूक सुचविली जाते. इतकेच नव्हे, तर शिकारीला निघालेल्या मंडळींत बंदूकधारी माणसालाच ‘गन’ म्हणण्याचा प्रघात आहे. राष्ट्रप्रमुखाला एकवीस ‘गन’ची सलामी देतात, तेव्हा तोफा मोजक्याच असतात, एकवीस असतात ते बार. म्हणजे येथे शब्द शस्त्रावरून त्याच्या आवाजाकडे सरकला. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सलामीत अनेक वर्षे ब्रिटिश बनावटीच्या पंचवीस पौंडी तोफा वापरात होत्या. २६ जानेवारी २०२३ पासून त्यांची जागा भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटर तोफांनी घेतली. आणि आज रंगाऱ्याच्या हातातील रंग फवारण्याच्या साधनाला किंवा गॅरेजमधील वंगण भरण्याच्या नळीलाही ‘गन’च म्हणतात. नळीतून काहीतरी जोराने बाहेर पडले की पुरे.

कायद्याला अशी ढिलाई परवडत नाही. म्हणून आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने या लोकप्रिय शब्दावर भिस्त न ठेवता ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेची सविस्तर व्याख्या केली. स्फोटकाच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या योगाने प्रक्षेप्य फेकण्यासाठी घडविलेले शस्त्र, असा त्या व्याख्येचा आशय आहे, आणि तिच्यात तोफखान्यापासून हातबॉम्बपर्यंत सारे काही येते. बोलीभाषेला शब्द पुरतो, न्यायालयाला व्याख्या लागते.

विंडसरची गुनिल्डाबाई

आता या शब्दाच्या उगमाकडे वळू. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातील शस्त्रसाठ्याची १३३०-३१ या काळातील एक लॅटिन यादी उपलब्ध आहे. तीत शिंगाच्या बनावटीच्या एका प्रचंड धनुर्यंत्राची नोंद असून त्याचे नाव ‘दोमिना गुनिल्डा’, म्हणजे गुनिल्डाबाई, असे दिले आहे. हे यंत्र दारूने चालणारे नव्हते. ताणलेले धनुष्य एकदम सोडून मोठे बाण वा धोंडे फेकणारे ते साधन होते. परंतु शत्रूच्या तटावर दुरून मारा करणाऱ्या यंत्राला स्त्रीचे नाव देण्याची चाल त्या काळी होती, एवढे या नोंदीवरून निश्चित होते.

गुनिल्डा हे नाव मूळचे स्कँडिनेव्हियातील. प्राचीन नॉर्स भाषेत त्याचे रूप ‘गुन्हिल्द’ असे होते. ‘गुन्न’ म्हणजे युद्ध आणि ‘हिल्द’ म्हणजेही युद्धच. दोन्ही घटकांचा अर्थ एकच असलेले हे नाव उत्तर युरोपातील राजकन्यांना आवडीने ठेवीत असत. नॉर्स लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्वाऱ्या केल्या, तेथे वसाहती केल्या, राज्यही केले. त्यांच्याबरोबर हे नावही तेथे रुजले. त्याचे लाडके, संक्षिप्त रूप ‘गुन्ना’. या लाडक्या रूपावरून मध्ययुगीन इंग्रजीतील ‘गुन्ने’ अथवा ‘गोन्ने’ हा शब्द आला आणि त्याचेच पुढे ‘गन’ झाले, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. धोंडे फेकणाऱ्या ‘मँगोनेल’ नामक यंत्राच्या नावाचे हे तुटलेले शेपूट असावे, असाही एक तर्क पूर्वी मांडला गेला होता. परंतु विंडसरच्या नोंदीमुळे पहिल्या मताचे पारडे जड झाले आहे.

एका यंत्राचे विशेषनाम सर्व तशा यंत्रांचे सामान्यनाम झाले, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. आश्चर्याची गोष्ट आहे ती पुढची. धनुर्यंत्रे गेली, दारूच्या नळ्या आल्या, आणि नव्या वस्तूने जुन्या वस्तूचे नाव बिनतक्रार उचलले. लंडनच्या नगरसभागृहातील १३३९ च्या एका नोंदीत पितळेसारख्या मिश्रधातूच्या सहा उपकरणांचा उल्लेख असून त्यांना ‘गोन्ने’ म्हणतात असे म्हटले आहे. शेजारीच शिशाच्या गोळ्यांची आणि दारूची नोंद असल्यामुळे ही उपकरणे कोणती होती याविषयी संशय उरत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात तर हा शब्द इतका रुळला होता की, चॉसर या कवीने वेगाची उपमा देण्यासाठी ‘गन’मधून सुटलेल्या गोळ्याचा आधार घेतला. त्याच कवीने इसवी सनापूर्वी ३१ मध्ये झालेल्या अॅक्टियमच्या आरमारी युद्धाचे वर्णन करताना तेथेही ‘गन’चा आवाज घुमविला. क्लिओपात्राच्या काळात दारू नव्हती, ही गोष्ट कवीच्या ध्वनिप्रेमाआड आली नाही.

वस्तू एकीकडची, शब्द दुसरीकडचा

शब्द उत्तर युरोपातला असला तरी वस्तू तेथली नव्हे. दारूचे शास्त्र चीनचे. १०४४ मध्ये तेथे सिद्ध झालेल्या ‘वू-जिंग झोंग-याओ’ या युद्धविषयक ग्रंथात दारूची कृती दिलेली आहे. प्रथम बांबूच्या नळीत दारू भरून ज्वाला फेकणारे भाले निघाले, मग नळी धातूची झाली, आणि ज्वालेबरोबर गोळा बाहेर पडू लागला. चीनच्या हेइलुंगजियांग प्रांतात सापडलेली काशाची हाततोफ सुमारे १२८८ ची मानली जाते. युरोपातील तोफेचे सर्वांत जुने ज्ञात चित्र १३२६ चे आहे. वॉल्टर द मिलेमेट याने इंग्लंडच्या भावी राजासाठी तयार केलेल्या हस्तलिखितात ते आढळते, आणि त्यातील तोफ एखाद्या फुलदाणीसारखी असून तिच्या तोंडातून बाण बाहेर पडताना दिसतो.

दारू या आपल्या शब्दाचीही अशीच गंमत आहे. चिनी भाषेत तिला ‘हुओ-याओ’, अर्थात ‘अग्नीचे औषध’, म्हणत. कारण तिचा शोध औषधी रसायने शोधणाऱ्यांच्या हातून लागला. फारसीतही ‘दारू’ याचा मूळ अर्थ औषध असाच आहे. ज्या पदार्थाने पुढे असंख्य माणसे मारली त्याचे नाव दोन मोठ्या भाषांत औषध असे असावे, ही भाषेची नकळत झालेली थट्टाच म्हणावी लागेल.

भारतीय भाषांनी ‘गन’ हा शब्द घेण्यापूर्वी या शस्त्रांना आपली नावे दिलेली होती, आणि ती नावे ती कोणत्या वाटेने आली हे सांगतात. ‘तोफ’ हा शब्द तुर्की ‘तोप’वरून आला. तुर्कीत त्याचा अर्थ गोळा असाही होतो. इस्तंबूलच्या ‘तोपकापी’ राजवाड्याच्या नावात, म्हणजे ‘तोफेचा दरवाजा’ यात, तोच शब्द आहे. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराच्या तोफांची व्यवस्था उस्ताद अली कुली या तज्ज्ञाकडे होती. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला. बुंदुक म्हणजे एक कवचीचे फळ. त्या फळाएवढी गोळी म्हणजेही बुंदुक, आणि शेवटी ती गोळी झाडणारे साधन म्हणजेही बुंदुक, अशी या अर्थाची वाटचाल सामान्यतः सांगितली जाते. पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांनी किनाऱ्यावर उतरविले.

सर्वांत बोलका शब्द आहे ‘फिरंगी’. युरोपीय मनुष्याला उद्देशून आपण तो वापरतो. पण तमिळमध्ये ‘पीरंगी’ म्हणजे तोफ. तेलुगू व कन्नड भाषांतही त्याच्या रूपांचा अर्थ तोफ असाच आहे. तंजावूरच्या तटावरील राजगोपाल तोफ तेथील लोकांच्या तोंडी ‘राजगोपाल पीरंगी’ आहे. महाराष्ट्रात मात्र ‘फिरंग’ म्हणजे तलवार, परदेशी पात्याची सरळ, लांब तलवार. परकीयाच्या हातात दक्षिणेने जे पाहिले त्यावरून तिने तोफेला त्याचे नाव दिले आणि मराठ्यांनी जे पारखून घेतले त्यावरून त्यांनी तलवारीला दिले.

येथे एका आभासाविषयी सावध केले पाहिजे. इंग्रजीत तागाच्या पोत्याला ‘गनी बॅग’ म्हणतात. पुष्कळदा वाचकाला वाटते की, या ‘गनी’चा ‘गन’शी काही संबंध असेल. तसा काहीही संबंध नाही. तो आपला ‘गोणी’ हा शब्द आहे. संस्कृतपासून चालत आलेला आणि व्यापाऱ्यांबरोबर इंग्रजीत गेलेला.

लाडकी नावे

गुनिल्डाबाई एकटी नव्हती. एडिंबरो किल्ल्यावर आजही ‘मॉन्स मेग’ नावाची अवजड तोफ आहे. ती १४४९ मध्ये घडविली गेली, आणि मेग हे मार्गारेटचे लाडके रूप. बेल्जियममधील गेंट शहरात ‘डुले ग्रिट’, म्हणजे ‘वेडी ग्रिट’, नावाची तोफ रस्त्याच्या कडेला ठेवलेली आहे. १९१४ मध्ये जर्मनांनी बेल्जियमचे किल्ले फोडले ते ४२ सेंटिमीटर व्यासाच्या ज्या तोफांनी, त्यांना ‘बिग बर्था’ हे नाव पडले. क्रुप या तोफा ओतणाऱ्या घराण्याच्या मालकिणीचे नाव बर्था होते. लहान शस्त्रांना प्राण्यांची व फळांची नावे मिळाली. ‘मस्केट’च्या मुळाशी इटालियन भाषेतील माशी आहे, ‘फाल्कन’ म्हणजे ससाणा, ‘कल्व्हरिन’च्या मुळाशी साप आहे, ‘ग्रेनेड’ म्हणजे डाळिंब. आपल्याकडील उंटावरचा ‘जंबुरा’ फारसीतील गांधीलमाशीवरून आला. ‘पिस्तूल’चा उगम बहुधा चेक भाषेतील बासरीवाचक वा शिटीवाचक शब्दात आहे आणि ‘हॉवित्झर’चा उगमही चेकच. तेथे त्याचा संबंध जमावाशी आहे. जमावावर डागावयाची ती तोफ.

भारतात तोफेला स्त्रीपेक्षा सरदाराचा मान देण्याकडे कल दिसतो. १५४९ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’, म्हणजे रणांगणाची स्वामी, विजापूरच्या (आजच्या विजयपूरच्या) तटावर आहे. तिचे वजन सुमारे ५५ टन असून मुखाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे शिल्प आहे. मराठी जिभेने तिचे ‘मुलूखमैदान’ केले आणि पुढे घणाघाती वक्त्यालाच ‘मुलूखमैदान तोफ’ ही पदवी दिली.

परंतु सारीच नावे गमतीची नसतात. कलकत्त्याजवळील डमडमचे नाव ‘दमदमा’ या शब्दावरून पडले असे मानतात. दमदमा म्हणजे मोर्चासाठी रचलेला मातीचा उंचवटा. तेथील सरकारी शस्त्रशाळेत १८९० नंतरच्या दशकात अशी गोळी बनविण्यात आली की, शरीरात शिरताच तिचे टोक फुलावे आणि जखम भयंकर व्हावी. जगाने तिला ‘डमडम’ म्हटले. १८९९ च्या हेग येथील परिषदेत अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविणारी घोषणा झाली. शस्त्रशाळा परक्या सरकारची, गोळी परक्या सैन्याची. परंतु जगातील बहुतेक भाषांच्या कोशांत त्या क्रौर्यावर नाव कोरले गेले ते बंगालमधील एका गावाचे.

वाक्प्रचारांतील दारूगोळा

शस्त्र फार काळ घरात राहिले की ते भाषेतही राहावयास येते. इंग्रजी मनुष्य एखादी वस्तू समूळ उचलली हे सांगताना ‘लॉक, स्टॉक आणि बॅरल’ म्हणतो. हे बंदुकीचे तीन भाग आहेत: चाप-यंत्रणा, दस्ता आणि नळी. ठिणगीने कानातील दारू पेटावी, पण नळीतील दारू पेटू नये आणि गोळी सुटू नये, यावरून क्षणभर चमकून विझणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत एक म्हण रूढ झाली. मराठी माणसाने हाच अनुभव ‘फुसका बार’ या दोन शब्दांत पकडला. ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणे’ हा आपला प्रयोग तर लांब नळीच्या जुन्या जड बंदुकीचे चित्रच डोळ्यांसमोर उभे करतो. असे प्रयोग करताना कोणाच्याही मनात रक्त येत नाही. शब्द वापराने गुळगुळीत होतो, आणि त्याच्या आतले पोलाद दिसेनासे होते.

मूळ धातूकडे

ही झीज ‘गन’ या शब्दाच्या बाबतीत सर्वाधिक झाली आहे. किल्ल्यातील शिपायांनी यंत्राला बाईचे नाव दिले, ते नाव लाडाने आखूड केले, आणि मृत्यूचे साधन घरातल्या माणसासारखे ओळखीचे होऊन बसले. परंतु शब्दाच्या बुडाशी जाऊन पाहिले तर तेथे लाड नाही. नॉर्स भाषेतील ‘गुन्न’ हा शब्द भाषाशास्त्रज्ञ ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात त्याचा अर्थ ‘प्रहार करणे, ठार मारणे’ असा आहे. त्याच धातूचे संस्कृतातील रूप म्हणजे ‘हन्’. ‘हनन’ त्यापासून झाले, ‘शत्रुघ्न’ आणि ‘कृतघ्न’ यांतील शेवटचे पद त्यापासून झाले, आणि लोहाराचा ‘घण’ही त्याच कुळातला.

म्हणजे ज्या शब्दाला आपण परका समजून तीन मराठी शब्दांत वाटून देतो, तो मुळात आपला दूरचा नातलग आहे. अनुवादकाने तोफ लिहावे की बंदूक, हे त्या त्या प्रसंगाने ठरते आणि ते ठरविण्यापूर्वी कोणी, कोठे, कशाने मारले हे त्याने नीट पाहिले पाहिजे. पेशावरला तोफ होती. अमृतसरला रायफल होती आणि मशीनगन दाराशी थांबली होती. शस्त्राचे नेमके नाव घेणे हा त्या मृतांच्या बाबतीत आपल्याकडून होऊ शकणारा एक लहानसा न्याय आहे. शस्त्र कोणतेही असले तरी त्याचे काम काय, हे मात्र त्या तीन अक्षरांच्या मुळाशी असलेल्या ‘हन्’ या धातूने पूर्वीच सांगून ठेवले आहे.